पाटी वाचणारी पेटी

सोमवारी सकाळी अकरा वाजता आमच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या नियंत्रण कक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. पंपावरची माणसं, भांडारातली माणसं, फाटकावरचा रखवालदार, सगळे टाचा उंचावून एका टेबलाकडे बघत होते. टेबलावर एक काळी पेटी, तिच्यावर निळा दिवा, आणि पेटीच्या वीतभर वर तळहात धरून, डोळे मिटून उभे असलेले सुरक्षा सल्लागार. एवढ्या माणसांत कोणी खोकत नव्हतं.

"यंत्रं बोलतात," सल्लागार म्हणाले. "सतत बोलतात. आपल्याला ऐकायला सवड नसते. ही पेटी ऐकते."

दिवा लुकलुकला. कोपऱ्यातला प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर पडू लागले. सल्लागारांनी डोळे उघडले आणि कागदाला हात न लावताच सांगितलं, "चौसष्ट. तुमच्या संगणकांना चौसष्ट छिद्रं आहेत. त्यातल्या कुठल्याही छिद्रातून परका माणूस आत येईल आणि गावाच्या पाण्यात हवं ते कालवेल."

हा आकडा पेटीच्या मागच्या बाजूला, इवल्याशा पडद्यावर उमटला होता. पण मागच्या बाजूला कोणाला उभं राहू दिलं नव्हतं. "लहरींना अडथळा होतो" म्हणे.

"त्यांनी संगणकाचं झाकणसुद्धा उघडलं नाही गं," माझी वहिनी कानाशी कुजबुजली. ही माझ्या सख्ख्या दादाची बायको, आमच्याच प्रयोगशाळेत पाणी तपासते. चांगली शिकलेली बाई, पण त्या दिवशी तिचे डोळे बशीएवढे झाले होते. दुपारपर्यंत भांडारवाल्यांनी सल्लागारांचं नाव 'अंतर्यामी' ठेवून टाकलं. चेष्टेनं नाही, अगदी मनापासून.

माझं काम या केंद्रातले संगणक चालू ठेवायचं. सगळे मला वायरताई म्हणतात. आणि हा प्रकार बघून वायरताईच्या मस्तकात तिडीक गेली, याचं कारण ते कागद. त्यावर एकेका छिद्राचं नाव होतं: 'सुप्त द्वार', 'छाया प्रवेश', 'मूक झिरप', 'निद्रिस्त कवाड'. आणि शेजारी, भिंग लावून वाचावा अशा बारीक अक्षरात, एक नंबर.

त्या नंबराबद्दल सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. जगात कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं की त्याची एका सामायिक यादीत नोंद होते आणि त्याला नंबर मिळतो. एका भोकाला एकच नंबर. कोणी त्याला 'सुप्त द्वार' म्हणो नाहीतर आणखी काही, नंबर सांगितला की कशाबद्दल बोलणं चाललंय ते सगळ्यांना नेमकं कळतं. यादी उघडी असते. ती वाचायला डोळे मिटावे लागत नाहीत, उलट उघडे ठेवावे लागतात.

आता हे सगळं नुसता तमाशा म्हणून सोडून दिलं असतं. पण चौसष्टांपैकी एकेचाळीस छिद्रं दोन नंबरच्या पंपघरातल्या संगणकावर निघाली, आणि तिथे झडपकाका होते.

काका सव्वीस वर्षं त्या पंपघरात आहेत. झडप फिरवताना तिच्याशी बोलतात, म्हणून झडपकाका. केंद्राच्या मोठ्या साहेबांनी एकेचाळीस हा आकडा ऐकला आणि सगळं खापर काकांवर फोडलं. "शुक्रवारी बैठक घेतो. निष्काळजीपणाचा शेरा मारून यांना फाटकावर बसवतो. पंपघराचा संगणक या सल्लागारांच्या हवाली."

मी धावत पंपघरात गेले. काका किल्ल्यांचा जुडगा पुसत बसले होते.

"पोरी, मी सगळं केलंय गं," ते म्हणाले. "सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराचं पत्र आलं की त्या आठवड्यात दुरुस्ती. एकही चुकवली नाही. हे बघ."

त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची वही पुढे केली. प्रत्येक पानावर पुरवठादाराचं पत्र चिकटवलेलं, खाली भोकाचा नंबर, दुरुस्तीची तारीख, काकांची सही आणि शेजारी साहेबांची सही. काकांना इंग्रजी बेताचंच येतं. पण नंबर एकेक आकडा बोटानं दाबून लिहिलेला होता.

"साहेबांना दाखवलीत?"

"दाखवली. म्हणाले, पेटी खोटं बोलेल का?" काकांनी वही मिटली. "सव्वीस वर्षांनी मला खोटं ठरवायला पेटी यावी लागली."

ते रडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पुसलेल्या किल्ल्या पुन्हा पुसत बसले.

त्या संध्याकाळी मी ते नऊ कागद घरी नेले. जेवायच्या टेबलावर कात्री घेऊन बसले आणि प्रत्येक ओळीची वेगळी चिठ्ठी कापली. दादा म्हणाला, "आमच्या घरात आता पत्ते खेळायचे का?" मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. वहिनीला म्हटलं, "नावं बघू नकोस. नंबर वाच, आणि सारख्या नंबराच्या चिठ्ठ्या एकावर एक ठेव."

वहिनी ठेवत गेली. 'सुप्त द्वार' आणि 'निद्रिस्त कवाड' एकाच ढिगात पडली. 'छाया प्रवेश' त्यांच्याच डोक्यावर. शेवटी टेबलावर चौसष्ट चिठ्ठ्यांचे ढीग झाले फक्त अकरा.

"म्हणजे एकाच रोगाला सहा-सहा नावं देऊन मोजलंय?" वहिनीचा चेहरा उतरला.

"हो. काकांच्या संगणकाच्या नावापुढे तेच ते नंबर जास्त वेळा छापलेत. आणि हे अकरा नंबर मला पाठ आहेत. नियंत्रण कक्षातली ही अकरा भोकं बुजवायला अर्धा दिवस काम थांबवू द्या, म्हणून साहेबांना मी तीन पत्रं लिहिली. तिन्ही त्यांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली आहेत. माझ्या पत्राला निळा दिवा नव्हता ना."

"पण काकांनी तर अकराही बुजवलीत. वहीत आहे, तूच म्हणालीस. मग पेटीला दिसतात कशी?"

प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर माझ्याकडेही नव्हतं. वहिनी मात्र हळूच म्हणाली, "वही चुकत असेल, पेटी नाही." मला राग आला.

बुधवारी अंतर्यामींनी नियंत्रण कक्षावर 'उपचार' केले. मुख्य आणि राखीव, दोन्ही संगणक. सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी घाम टिपत बाहेर आले, जणू विहीर खणून आले. मग पेटीवर हात धरला. छिद्रं शून्य. टाळ्यांनी कक्ष दणाणला. ज्या कामाला मी अर्धा दिवस मागत होते ते या गृहस्थांनी दहा मिनिटांत केलं, असं साहेब मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, खरं सांगते. गर्दी पांगल्यावर मी नियंत्रण कक्षाच्या संगणकातली बदलांची नोंद उघडली. तिथे कोणी काय बदललं ते आपोआप लिहिलं जातं. त्या दहा मिनिटांत बदल झाला होता एकाच ओळीत. ती ओळ वाचली, पुरवठादाराला फोन लावला, एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर ऐकून खुर्चीत मागे रेलून हसत बसले.

शुक्रवारी बैठकीला नियंत्रण कक्ष पुन्हा ओसंडला. काका भिंतीशी उभे होते, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून. साहेबांनी आदेशाचा कागद काढला तशी मी पुढे झाले.

"साहेब, सही करण्याआधी एक विनंती. तिसऱ्या पंपघराचा संगणक तपासायचा राहिलाय. जोडणी मी करून ठेवलीय."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते काही बोलणार एवढ्यात अंतर्यामी म्हणाले, "मला जाणवतच होतं. तिकडून फार अस्वस्थ स्पंदनं येताहेत." आणि तळहात पेटीवर धरून डोळे मिटले.

मागे कोणी तरी खुदकन हसलं. आमच्या केंद्रात तिसरं पंपघर नाही.

प्रिंटर कुरकुरला. "एकेचाळीस," अंतर्यामी गंभीरपणे म्हणाले. "दोन नंबरइतकीच वाईट अवस्था. तिथल्या माणसालाही बदला."

मी टेबलाखालून बुटांचं खोकं काढलं आणि झाकण उघडलं. आत साबणाच्या डबीएवढा संगणक, त्याला एकच वायर. "हे तिसरं पंपघर. यात एकही पंप नाही, झडप नाही, पाण्याचं सॉफ्टवेअर नाही. यात मी फक्त एक ओळ लिहिलीय. कोणी वायरीवरून विचारलं, 'तू कोण?', तर काकांच्या संगणकाचं नाव आणि आवृत्तीचा क्रमांक सांगायचा. ज्यात सॉफ्टवेअरच नाही त्याला छिद्रं कुठून आली, सल्लागार?"

अंतर्यामी सावरले. "शंका घेणारा माणूस जवळ असला की संवेदना गढूळ होते."

"मग मी सांगते. प्रत्येक सॉफ्टवेअर विचारल्यावर आपलं नाव आणि आवृत्ती सांगतं. दारावरची पाटीच ती. ही पेटी दारापाशी जाते, पाटी वाचते आणि जगजाहीर यादीत त्या आवृत्तीपुढे जे नंबर लिहिलेत ते उतरवून काढते. कडी लागलीय की नाही, ते ती ओढून बघतच नाही. आपला पुरवठादार भोक आतून बुजवतो आणि पाटी जुनीच ठेवतो, नाहीतर पंपघरात थेट जोडलेले पंप त्याला ओळखत नाहीत. काकांच्या वहीत चिकटवलेल्या प्रत्येक पत्रात शेवटच्या ओळीत तेच लिहिलंय. कोणी वाचलं नाही. मी पण नाही, पुरवठादारानं फोनवर सांगेपर्यंत."

"आणि आमचे उपचार?" साहेबांनी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

"दहा मिनिटांत यांनी पाटीवरचा क्रमांक खोडून नवा लिहिला. या कक्षाला पंप थेट जोडलेले नाहीत, म्हणून कोणाला कळलं नाही. पेटीनं नवी पाटी वाचली आणि शून्य म्हणाली. आता कडी ओढून बघू."

पुरवठादारानं अकरा भोकं खरोखर दाबून बघणारं साधन पाठवलं होतं. आधी ते काकांच्या संगणकावर लावलं. मोठ्या पडद्यावर एकेक नंबर आला आणि प्रत्येकापुढे 'बंद'. अकरा वेळा बंद. मग नियंत्रण कक्षातल्या राखीव संगणकावर लावलं, ज्याचा पाण्याशी संबंध येत नाही, आणि ज्याच्या शून्याला बुधवारी टाळ्या पडल्या होत्या. पहिल्याच नंबराला पडद्यावर ओळ उमटली: 'उघडं. आत आलो.' मग दुसरी. मग तिसरी. मुख्य संगणकही तसाच उघडा होता, आणि गावाला पाणी त्याच्यावरून जात होतं. कक्षातल्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे नीट होतं ते यांनी आजारी ठरवलं, आणि आजारी होतं ते नीट," रखवालदार म्हणाला. त्याला पहिल्याच दमात कळलं.

मग वहिनी पुढे आली. मला वाटलं, आता ही लहरींची बाजू घेते. ती अंतर्यामींकडे बघत म्हणाली, "पाण्याच्या बाटलीवर 'शुद्ध' अशी चिठ्ठी आहे म्हणून मी कधी दाखला दिलाय का? बाटली उघडते, तपासते, मग सही करते. रोज करते. आणि या काळ्या खोक्यापुढे मी आपली अक्कल गहाण टाकून आले." मग काकांकडे वळून, "काका, मी तुमच्या वहीवर संशय घेतला. चुकलं माझं."

अंतर्यामी तोवर पेटीची वायर गुंडाळत होते. जाताना म्हणाले, तुमच्या संस्थेची ऊर्जाच नकारात्मक आहे. रखवालदारानं त्यांना फाटक उघडून दिलं, आणि तेवढं मात्र त्यानं मनापासून केलं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही असल्या पेटीला भुललो नसतो. भुलला असतात. पेटी सगळंच खोटं सांगत नव्हती. नंबर खरे, यादी खरी, भोकंही कुठे तरी खरी. खरं थोडं असलं की थाप गिळायला सोपी जाते. म्हणून एवढंच सांगते: कोणी डोळे मिटून रोग सांगितला, तर तुम्ही डोळे उघडून विचारा, कसं कळलं? आणि बरा केला म्हणाला, तर विचारा, नेमकं काय बदललं? दोन प्रश्न आहेत. विचारायला लाज वाटण्यासारखं त्यांत काही नाही.

साहेबांनी आदेशाचा कागद फाडला. काकांनी किल्ल्या उचलल्या नाहीत. आधी काखेतली निळी वही काढली, कोरं पान उघडलं आणि वर लिहिलं, 'नियंत्रण कक्ष'. खाली एकेक आकडा बोटानं दाबून अकरा नंबर. मला म्हणाले, "पोरी, तुझा अर्धा दिवस आज घेऊया."

संध्याकाळी पाचला काम संपलं. काकांनी तारीख घातली, सही केली. साहेबांनी घाईनं पेन काढलं आणि वही ओढून घेतली, जणू तेवढ्यानं आठवड्याची भरपाई होणार होती. गेली कित्येक वर्षं ते या वहीवर अशीच, न बघता सही करत आले होते.

काकांनी पानावर हात ठेवला.

"सही नंतर, साहेब," ते म्हणाले. "आधी कडी ओढून बघा."