डावा सात, उजवा सहा

मित्रांनो, मी एक जुनी मापपट्टी आहे. जुनी खुशाल म्हणा, पण गंजकी म्हणू नका. माझे अंग ॲल्युमिनियमचे आहे आणि आमच्या कुळात गंज चढत नाही. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती फीत वेगळी. मी बुटांच्या दुकानातली. माझ्या खोलगट भागात टाच टेकवायची, पाय सरळ ठेवायचा, की माझी सरकपट्टी पुढून येऊन अंगठ्याला भिडते आणि तिच्याखाली आकडा दिसतो. तो आकडा बरोबरच असतो. माणसे वय चोरतात, वजन चोरतात, पण माझ्यावर उभे राहून पाय चोरणे आजवर कोणाला जमलेले नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. एका कारागिराने मला कापले, कानशीने माझ्या कडा घासल्या, अंगावर आकडे कोरले आणि त्यांत काळा रंग भरला. शेवटी त्याने स्वतःच्या पायातली चप्पल काढली, माझ्यावर पाय ठेवला, आकडा पाहिला आणि म्हणाला, "जमली." त्यानंतर माझी पुष्कळ स्तुती झाली, पण त्या एका शब्दाची सर कशालाच आली नाही.

तिथून मी या दुकानात आले. दुकान लहान होते. भिंतीला लाकडी बाक, समोर काचेची खिडकी आणि डोक्यावर खोक्यांनी गच्च भरलेला माळा. मालक खाली गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून माप घेत आणि त्यांचा भाऊ माळ्यावरून खोके खाली टाकत असे. वर ऐकू जावे म्हणून मालक आकडा मोठ्याने पुकारत. तोही एक नव्हे. "डावा आठ, उजवा आठ!" दोन्ही पाय सारखे असले तरी दोनदा. कोणी म्हणाले, "अहो, एकच सांगा की," तर मालकांचे उत्तर ठरलेले होते. "पाय दोन आहेत ना? मग आकडेही दोन."

मित्रांनो, मालकांच्या या सवयीने एका मुलीला फार छळले. ती तान्ही असताना तिच्या उजव्या पायावर शस्त्रक्रिया झाली होती आणि तेव्हापासून तो पाय डाव्यापेक्षा एक नंबर मागे राहिला होता. शाळा सुरू होण्याआधी आई तिला घेऊन यायची. मालक पुकारायचे, "डावा चार, उजवा तीन!" बाकावर तिच्या वर्गातली पोरे बसलेली असायची. झाले! वर्षभर तिचे नाव 'तीन-चार'. पुढच्या वर्षी पाय वाढले की नाव बदलून 'चार-पाच'. इतर मुलांची टोपणनावे निदान एका जागी राहतात, हिचे दर वर्षी वरच्या वर्गात जायचे.

दोन जोड्या घेणे तिच्या आईला परवडत नव्हते. मोठ्या नंबराचा काळा बूट घ्यायचा आणि उजव्यात कापूस कोंबायचा, हा घरचा शिरस्ता. खिडकीत तेव्हा एक निळा कापडी बूट ठेवलेला असे, पिवळ्या तळाचा, पांढऱ्या नाडीचा. ती मुलगी बाकावर बसून सगळा वेळ त्याच्याकडे बघायची. एकदा तिने तो मागितलासुद्धा. मालक हळहळत म्हणाले, "पोरी, हा बूट पातळ कापडाचा. यात कापूस ठरत नाही, पाय सटकेल."

माझ्यावर ठेवलेली तिची बोटे आवळली गेली. ते मला कळले, कारण सरकपट्टी एवढीशी मागे आली.

वर्षे गेली. मालक थकले आणि दुकान त्यांच्या मुलीने हाती घेतले. तिने माळा नीट लावला, दिवे बदलले. आता गिऱ्हाईक फोनमध्ये नंबर बघून येऊ लागले. "मला नऊ लागतो," असे छातीठोक सांगायचे आणि घरी जाऊन चावलेल्या टाचेला पट्टी लावायचे. मला एका खिळ्याला टांगून ठेवले. आकड्यांतला काळा रंग धुळीने भरला, सरकपट्टी अडकू लागली. रोज चुकीच्या बुटांत पाय घालून जाणारी माणसे बघायची आणि गप्प राहायचे, हे माझ्यासारखीला सोपे नव्हते. मला वाईट वाटले, हे मी लपवणार नाही. पण आपल्यावाचून अडणार आहे याची मला खात्री होती, आणि अडलेच.

झाले असे की, तो निळा बूट बनवणाऱ्या कंपनीने जुन्या दिवसांची आठवण म्हणून तो पुन्हा काढायचे ठरवले. मोजक्याच जोड्या. प्रत्येक जोडीच्या नाडीखालच्या जिभेवर तिचा क्रमांक रेशमी धाग्याने शिवलेला, डाव्या-उजव्यावर एकच. कंपनीच्या ॲपवरच्या जोड्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपल्या. उरल्या त्या काही दुकानांत आल्या आणि त्यांत आमचेही दुकान होते. विक्रीच्या दिवशी उजाडता उजाडता रांग शेजारच्या टायरवाल्याच्या पुढे गेली होती. कोणी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, कोणी नुसताच उत्साह.

त्या रांगेत एक काळ्या चष्म्याचा दलालही होता. त्याने भाड्याची माणसे उभी केली होती. जोड्या उचलायच्या आणि बाहेर चढ्या भावाने विकायच्या, हा त्याचा धंदा. पण मालकांची मुलगी त्याच्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेली. तिने दारावर नियम लावला, "ज्याचा पाय त्याचा बूट." म्हणजे दुकानात माप द्यायचे, मापाचाच बूट मिळणार, तो इथेच घालायचा, नाडी बांधायची आणि चालत बाहेर जायचे. मग तिने घरी फोन लावला. "बाबा, माप घ्यायला तुम्हीच या. आणि येताना घसा साफ करून या."

मला खिळ्यावरून खाली काढले तेव्हा मालकांनी माझ्यावर फुंकर मारली. धूळ त्यांच्याच डोळ्यांत गेली.

मित्रांनो, त्या सकाळी मी जे काम केले त्याला तोड नाही. दलालाचा एक माणूस म्हणाला, "मला दहा नंबर." मी सांगितले, सात. दुसरा तीन मोजे चढवून आला होता. मालकांनी ते एकेक करून उतरवले, कांदा सोलावा तसे. तिसरा माझ्याकडे नुसते बघूनच परत फिरला. आणि ज्यांना खरोखर बूट हवा होता, ते पायात घालून, जमिनीकडे बघत बघत बाहेर पडत होते.

दुपार होत आली तेव्हा दोनच खोकी उरली. एक साताचे, एक सहाचे. रांगेत पुढे होते एक बुटकेसे टेलरमास्तर. त्यांना या बुटाची दुहेरी शिलाई आवडली होती आणि ती ते मागच्या-पुढच्यांना तासभर समजावून सांगत होते. त्यांनी पाय ठेवले.

"डावा सहा, उजवा सात!"

"असणारच," मास्तर म्हणाले. "उभा जन्म उजव्या पायाने मशीन चालवलं. पसरला बिचारा. साताचाच द्या, डाव्यात कापूस घालतो. आणलाय खिशात."

त्यांनी साताची जोडी घातली आणि दाराजवळ नाडी बांधायला बसले. कापूस घालूनही डावा बूट टाचेतून निघत होता. दलालाने ते हेरले आणि त्यांच्याजवळ वाकला. "मास्तर, सैल होतोय ना? कशाला हाल करून घेता? दारातून बाहेर या आणि मला द्या. दुप्पट देतो." मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत.

इकडे माझ्यासमोर रांगेतली पुढची बाई आली. अंगात शाळेच्या बसचालकाचा खाकी शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. तिने उजवा पाय माझ्यावर ठेवला आणि मी ओळखले. मित्रांनो, चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पण पाय मी विसरत नाही. ती आपली तीन-चार होती!

ती मालकांच्या कानाशी वाकून म्हणाली, "काका, आज जरा हळू सांगा हो. मागे माझ्या बसमधली मुलं उभी आहेत."

मालकांना आता कमी ऐकू येत असे. त्यांना वाटले, ही म्हणते आहे जरा मोठ्याने सांगा. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"डावा सात! उजवा सहा!"

टायरवाल्यानेसुद्धा मान वर केली. तिने डोळे मिटून घेतले. मागे खुसखुस झाली.

मालकांची मुलगी हळूच म्हणाली, "ताई, आता सहाचीच जोडी उरलीय. डावा जाणार नाही तुमचा."

"जाईल," ती म्हणाली. "द्या तुम्ही."

"पोरी, चावेल तो," मालक म्हणाले. "क्लच दाबायचा पाय तुझा."

"चावू दे, काका! लहानपणी नाही म्हणालात, तेव्हा गप्प बसले. आता माझ्या पगाराचा घेतेय." आणि तिने डावा पाय सहाच्या बुटात कोंबायला सुरुवात केली. बोटे मुडपली, चेहरा लाल झाला, टाच काही आत जाईना. उजवा मात्र असा बसला होता, जणू तिच्या पायावरच बेतला होता. ती त्या एका पायाकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दाराकडून फटक फटक आवाज आला. टेलरमास्तर सुटलेल्या नाड्या फरपटत येत होते. मागून दलाल "अहो मास्तर, अहो मास्तर" करीत होता.

"काका," मास्तर म्हणाले, "आकडे पुन्हा पुकारा बघू."

"डावा सात, उजवा सहा."

"आणि माझे?"

"डावा सहा, उजवा..." मालक मध्येच थांबले. माझ्याकडे बघितले.

मास्तर बाकावर बसले, पायातला डावा बूट काढला आणि त्यातला कापूस उपसून बूट तिच्यापुढे धरला. "बाई, हा सात नंबर डावा घ्या. तुमचा तो सहाचा डावा मला द्या. दोघांचे उजवे आहेत तिथेच राहू देत."

मालक उठून उभे राहिले. "जोडी मोडायची? या दुकानात आजवर जोडी मोडली नाही. एक बूट मागे राहिला तर तो कोणाला विकायचा?"

"बाबा," त्यांची मुलगी म्हणाली, "मागे राहतोय कुठे? दोन खोकी आली, दोन खोकी गेली."

मालक पुन्हा खाली बसले. इतकी वर्षे दुकान चालवले, पण हे त्यांना सुचले नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नाही.

दलाल कळवळून म्हणाला, "अहो, वेडे का खुळे? जिभेवरचे क्रमांक जुळणार नाहीत! बाजारात याला कवडी मिळणार नाही!"

"उत्तम," मास्तर म्हणाले. "म्हणजे तुमचाही जीव सुटला आणि माझाही मोह."

बुटांची अदलाबदल झाली. बसवाली ताई उभी राहिली. आधी एक पाय टाकला, मग दुसरा. मग ती दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, वळली आणि पुन्हा चालली. टाच निघाली नाही, बोट मुडपले नाही. दोन्ही पावले एकसारखी वाजत होती. तिच्या बसमधल्या मुलांपैकी एक चिमुरडी पुढे आली आणि माझ्यावर पाय ठेवून म्हणाली, "आजोबा, माझे पण दोन आकडे सांगा ना! मोठ्याने!"

मालकांनी पुकारले. तिचे दोन्ही सारखेच निघाले, म्हणून ती थोडी हिरमुसली.

मित्रांनो, आता माझे एवढे ऐका. बूट घेताना फोनला विचारू नका, पायाला विचारा, आणि दोन्ही पायांना विचारा. बसून माप देऊ नका. उभे राहा, कारण भार पडला की पाय खरे बोलतो. कोणाचे दोन आकडे वेगळे आले तर हसू नका. आणि माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू घरात असेल तर तिला धुळीत टांगून ठेवू नका. आम्हाला फार काही लागत नाही. अधूनमधून एखादा हात फिरवा आणि थोडे काम द्या.

मी आता खिळ्यावर नसते, बाकाखाली असते, हाताशी. त्या दिवशी संध्याकाळी दुकान झाडताना मालकांच्या मुलीला बाकावर कापसाचे दोन बोळे सापडले. एक मास्तरांचा होता. दुसरा ताईच्या खिशातून निघाला होता; असा एक बोळा ती लहानपणापासून जवळ बाळगायची आणि त्या दिवशी तो तिथेच विसरून गेली. मुलीने त्यांवर तेलाचे दोन थेंब टाकले, मला मांडीवर घेतले आणि माझा एकेक आकडा पुसून काढला.