शेजारी शेजारी बसलेले शब्द

मी एक जुना शब्दकोश आहे, मित्रांनो, पण साधासुधा नव्हे. माझ्यात इंग्रजीतले सारख्या अर्थाचे शब्द शेजारी शेजारी बसवले आहेत. एक मागा, दहा देतो! छापखान्यात पानं शिवून पुठ्ठा चढला, तेव्हाच मी गर्वानं हवेत तरंगू लागलो होतो.

जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यातल्या दुभाषीणबाईंनी मला विकत घेतलं. सगळे त्यांना ताई म्हणत. ताईंची एक खोड होती. मी ढीगभर शब्द पुढे केले तरी त्या लगेच एकही उचलत नसत. समोरच्या कामगाराला म्हणत, "हे केल्यावर काय होईल, ते हातानं करून दाखवा." त्यानं दाखवलं, की मगच माझ्या पानावर बोट ठेवत. मला याचा भारी राग यायचा. सगळं माझ्यात छापलंय, मग त्या तेलकट हातांना कशाला विचारायचं?

एका दुपारी क्रेननं उचललेला लोखंडी पाइप सरकला आणि ताईंच्या धाकट्या भावाचा पाय भिंतीशी दाबला गेला. भाऊ तिथेच फिटर होता. क्रेनवाला उंच केबिनमध्ये, परदेशी, इंग्रजीखेरीज काही न कळणारा. मध्ये जहाज उभं, त्यामुळे त्याला खालचं काहीच दिसत नव्हतं. वायरलेसवरून ताई जे सांगतील, तेच तो करणार होता.

"सोडायला सांगा, ताई! सोडायला सांगा!" मुकादम ओरडले.

ताईंनी मला उघडलं. घाईघाईनं उलटताना माझं एक पान फाटलं. माझ्या ओळीत सगळ्यात पुढे 'रिलीज' बसलेला. त्याच्यामागे ड्रॉप, लोअर, स्लॅकन, लेट गो. हाच घ्या, हाच घ्या, असं मी मनातल्या मनात किंचाळत होतो. उशीर झाला तर पाय जाईल, एवढंच मला कळत होतं.

"ताई, बोल ना गं लवकर!" भाऊ कळवळला.

ताईंचे डोळे भरले. तरीही त्या मुकादमांकडे वळल्या. "सोडल्यावर काय होईल? दाखवा."

"अहो, ही काय वेळ आहे का?"

"दाखवा म्हणते ना!"

मुकादमांनी हवेत दोर धरल्यासारखी मूठ केली आणि जराशी ढिली केली. "दोर एवढासा सैल पडेल. पाइप खालच्या ठोकळ्यांवर टेकेल, भिंतीपासून हटेल."

"आणि पूर्ण सुटला तर?"

मुकादमांची मूठ उघडली. त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "तर घरंगळून अंगावरच येईल त्याच्या."

ताईंनी वायरलेस तोंडाशी धरला. "स्लॅकन. अ लिटल. अ लिटल. स्टॉप!"

दोर सैल झाला. पाइप ठोकळ्यांवर टेकला. दोघांनी भावाला ओढून बाहेर काढलं. पायाचं हाड मोडलं होतं, पण जीव वाचला. ताई मला छातीशी धरून मटकन खाली बसल्या. मित्रांनो, तेव्हा मला माझीच भीती वाटली. त्यांनी माझं ऐकून 'रिलीज' म्हटलं असतं तर?

आणि गंमत बघा, कौतुक माझंच झालं! "कोशानं वाचवलं," असं म्हणून कारखान्याच्या साहेबांनी मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. ताई निवृत्त झाल्या. आता नवे दुभाषी मोबाइलवर पहिला दिसेल तो शब्द उचलतात आणि मोकळे होतात. मी आतून बघतो आणि माझा जीव टांगणीला लागतो.

मित्रांनो, माझी पानं पिवळी पडली आहेत, वाळवीही लागेल. मला बाहेर काढा, पुसा, वापरा. पण माझ्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. सारखे दिसणारे शब्द मी शेजारी बसवू शकतो, त्यांतला कुठला जीव घेईल ते मला कळत नाही. ज्याचं म्हणणं पोचवायला शब्द शोधताय, त्याला आधी विचारा, तसं केल्यावर काय होईल. तो सांगू शकतोय तोवर विचारा.