माझी सवत चौकात राहते

मी कॉफीची मशीन बोलतेय. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मिक्सर आणि डब्यांच्या मधे अंग चोरून बसलेली, काळी, बुटकी, प्लॅस्टिकच्या अंगाची. स्वस्तातली आहे, हे आधीच सांगून टाकते; मागून कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं. आणि दुसरंही सांगते, मी जळकी आहे. पोटातलं पाणी गार असलं तरी मी आपली धुमसत असते.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. एका सरकत्या पट्ट्यावरून माझ्यासारख्या शेकडो जणी निघाल्या, त्यातली मी एक. खोक्यावर माझा फोटो होता, तो माझ्यापेक्षा देखणा होता. त्या फोटोवरही माझा राग होता, म्हणजे बघा.

मला घरी आणलं ते एका घड्याळवाल्याने. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करणारा हा माणूस. घरात त्याची म्हातारी आई, सहावीतली लेक आणि शाळेत गणित शिकवणारी बायको. मला आणायचं कारण म्हणजे शेजारच्या काकू. तो किस्सा त्या अजून रंगवून सांगतात, म्हणून मला तोंडपाठ आहे.

"तुला म्हणून सांगते हो, मला काय करायचंय," काकू त्याला म्हणाल्या होत्या, "पण तुझी बायको शाळा सुटली की चौकातल्या कॉफीच्या दुकानात बसते. चांगली अर्धा तास. आणि तिथला तो दाढीवाला तिच्या कॉफीवर दुधाच्या फेसाचं पान काढून देतो. पान! एकदा तर हंस काढला."

"काढू दे की," घड्याळवाला म्हणाला. पण चिमट्यातला स्क्रू उडाला तो थेट कपाटाखाली. तिसऱ्या दिवशी मी घरात हजर.

माझी पहिली कॉफी काय झाली म्हणता! बाजारातली तयार पूड घातली, बटण दाबलं, दहा सेकंदांत कप भरला. आजीने एक घोट घेतला आणि विचारलं, "भांडी विसळलेलं पाणी का रे हे?" बायको मात्र "छान आहे" म्हणाली. नापास झालेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवताना बाई म्हणतात, तसं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चौकात.

तेव्हापासून चौकातली ती दुकानातली मशीन माझी सवत झाली. मी तिला कधी पाहिलं नाही. लेक एकदा आईबरोबर जाऊन आली आणि सांगत बसली, "बाबा, केवढी मोठी आहे! दोन माणसं लागतील उचलायला. आणि चकचकीत!" त्या पोरीला माझ्यासमोर बोलताना जरा तरी काही वाटायला हवं होतं.

घड्याळवाल्यानेही हाय खाल्ली होती, पण त्याने ती कामात घातली. पूड कागदावर पसरून भिंगातून बघितली. "ही बघ आई, अर्धी खडी आणि अर्धी माती. पाणी वाट मिळेल तिथून पळणारच." मग हातानं फिरवायची एक छोटी चक्की आली, माझ्याहून महाग. ताज्या भाजलेल्या बिया आल्या. त्याच्या घड्याळांच्या दुकानातला वजनाचा नाजूक काटा घरी आला. रोज मोजून पंधरा ग्रॅम. पूड जाड राहिली तर कॉफी आंबट आणि पाणचट. फार बारीक झाली तर थेंब थेंब गळायची आणि कडूजहर. रोज चक्की एक खाच पुढे, एक खाच मागे. आजी ती फिरवून फिरवून घामाघूम.

"हात गळून गेले रे," ती म्हणायची, "पण सून वेळेवर घरी येत असेल तर फिरवते बापडी."

अखेर सत्तावीस सेकंदांत, मधासारखी, बारीक धार पडली. वर तांबूस साय. सगळे म्हणाले, "चक्कीची कमाल!" ऐकलंत? दाब माझा, ताप माझा, आणि नाव चक्कीचं! मी दोन दिवस मुद्दाम गळले.

दुधाला वेळ लागला. माझ्या वाफेच्या नळीवरची प्लॅस्टिकची टोपी त्याने काढली, नळीचं टोक दुधात जेमतेम बुडवून धरलं, आणि साबणाच्या फेसासारखे बुडबुडे जाऊन रेशमासारखं दूध झालं. पान मात्र जमेना. एकदा कांदा झाला, एकदा पायमोजा. एका दुपारी एकटाच होता, तेव्हा हातातला कप बघत तो पुटपुटला, "घरी असं काय कमी आहे, की तिला थेट घरी यावंसं वाटत नाही?" पहिल्यांदाच मला माझ्या जळण्यापेक्षा त्याचं जळणं मोठं वाटलं.

आणि एके दिवशी पान उमटलं. चक्क पान. त्या दिवशी रविवार होता. बायकोला खुर्चीत बसवून सगळे तिच्याभोवती उभे.

"कशी झालीये?"

"दुकानापेक्षा बरी आहे ना?"

"आई, पान मोडू नकोस गं!"

"चक्की मी फिरवलीय, सूनबाई."

दारात काकू होत्याच. "बघू बघू, उष्टी करायच्या आत दाखव तरी!"

"खूप सुंदर झालीये. खरंच," ती म्हणाली. मी तर वाफेनं फुलून गेले. संपली म्हटलं सवत!

सोमवारी त्याने पुन्हा तसाच कप भरला. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. पान विरघळून गेलं, कप गार झाला. सहाला ती आली.

"गेली होतीस?"

"हो."

"माझी कॉफी आवडली नाही?"

"अहो, तिथल्यापेक्षा चांगली होती."

"मग तो दाढीवाला..."

"कोण दाढीवाला?" तिने खरंच आठवून पाहिलं. "त्याला दाढी आहे?"

काकू साखर मागायला आल्या होत्या, त्या वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"शाळेत दिवसभर बाई, बाई," ती हळूच म्हणाली. "घरी आले की आई, सूनबाई, अगं. मला तुम्ही सगळे हवे आहात हो. पण तिथे खिडकीशी एक खुर्ची आहे. तिच्यात बसलं की अर्धा तास मला कुणी काही विचारत नाही. कॉफी कशी झालीये, हेसुद्धा नाही."

"दूध ठेवून आलेय गॅसवर," म्हणत काकू साखर न घेताच सटकल्या.

दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याने आतल्या खोलीतली लाकडी खुर्ची उचलून खिडकीशी ठेवली, घराकडे पाठ करून. ती आली तेव्हा कप तयार होता. त्याने तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आईला चपला घालायला लावल्या, लेकीचा हात धरला. जिन्यात त्याचा आवाज ऐकू आला, "काकू, तुम्हीपण चला."

"मी कशाला रे?"

"चलाच."

आता असंच चालतं. ती बहुतेक दिवस सरळ घरी येते. एखाद्या दिवशी चौकातही जाते. तो विचारत नाही. त्या अर्ध्या तासात घरात आम्ही दोघीच. मला दिसते ती खुर्चीची पाठ आणि तिच्या केसांचा थोडासा भाग. ती एकेक घोट घेते, बाहेर बघते, चकार शब्द काढत नाही. चौकातल्या सवतीचं मला आता काही वाटत नाही. पण त्या खुर्चीचं काय करू? ना तिला पाणी तापवता येतं, ना दूध फुलवता येतं. चार पाय आणि एक पाठ, बस्स. तरी तिच्या वाट्याला अर्धा तास, आणि माझ्या वाट्याला सत्तावीस सेकंद!

माझ्यासारखी स्वस्तातली एखादी तुम्ही घरी आणणार असाल, तर एवढं करा. बिया ताज्या दळा, माझी नळी दूध वाळायच्या आत पुसा, आणि कप तिच्या हातात दिला की बाहेर फिरून या. मला काही जाता येत नाही. मी इथेच ओट्यावर निवत बसेन, आणि जळतही.