शेवटचा परिच्छेद उद्या

“स्पेस म्हण ना. तू म्हटलं नाहीस तर मी जोडूनच मारणार.”

“अगं आई, तिथे जागा आहे हे दिसतंय ना तुला?”

“मला कुठून दिसणार? मी बघतेच कुठे? तू वाच, मी मारते. वाचणाऱ्यानं डोकं चालवायचं नाही आणि मारणाऱ्यानं डोळे.”

आई खरोखरच बघत नव्हती. खलाशांच्या विश्रामगृहातल्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर ती ताठ बसली होती. नजर समोरच्या भिंतीवर आणि बोटे किल्ल्यांवर. मी शेजारी स्टुलावर बसून माझ्या फोनवरच्या सूचना वाचत होते. सुडो, स्पेस, ए-पी-टी, स्पेस, इन्स्टॉल, स्पेस, आणि पुढे कुणालाच उच्चारता येणार नाही असे एक नाव, मध्ये आडव्या रेघा घातलेले.

“हे काय नाव झालं? मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं,” आई म्हणाली. पण बोटे थांबली नाहीत.

आईचा जन्म टायपिंगमध्ये गेला. जहाज कंपनीच्या एका एजंटाकडे ती टायपिस्ट होती, आणि संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत क्लास घ्यायची. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून ती इथे येऊ लागली. जहाज बंदराला लागले की खलाशी दोन घटका इथे येऊन टेकत, चहा पीत, घरी मेल लिहीत. त्यांच्यासाठी एका बँकेने आपले जुने कॉम्प्युटर देऊन टाकले होते. नेहमीची प्रणाली त्या जुन्या यंत्रांना पेलवेना, तेव्हा माझ्या भावाने, दादाने, त्यांच्यावर लिनक्स नावाची हलकी, फुकटची प्रणाली चढवून दिली आणि तो आपल्या नोकरीच्या गावी निघून गेला. आम्हाला वाटले, आई आता हात टेकेल. तिला तर लिनक्स पहिल्याच दिवशी आवडले.

“यात हुकूम टाइप करून द्यायचा असतो,” ती म्हणाली होती. “सरळ काम. ते माउस घेऊन टेबल पुसत बसायला नको.”

अडचण होती ती चिनी आणि जपानी खलाशांची. त्यांचे मेल उघडले की अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसत, ओळीच्या ओळी. आई त्यांना बंद खिडक्या म्हणे. एका चिनी जहाजावरचा आचारी तसल्या चौकटींसमोर बराच वेळ बसून होता आणि मग मुकाट्याने उठून गेला, हे तिला लागले होते. तेव्हापासून तिने ध्यास घेतला. तिला ना चिनी येत होते ना जपानी. “मला बंदरातली इंग्रजी पत्रं तरी कुठे कळायची? मजकूर त्यांचा, हात माझे,” असे तिचे म्हणणे.

तर त्या दिवशी दुपारी, मी सूचना वाचत असताना, तिने चिनी-जपानी अक्षरांचे संच बसवले, आचाऱ्याने मागे वाचण्यासाठी उघडलेले चिनी पान पुन्हा उघडले, आणि चौकटी गेल्या. त्यांच्या जागी अक्षरे आली. काळी, दाट, एकेक अक्षर जणू सामानाने भरलेली खोली. आईने चष्मा वर केला आणि पहिल्यांदा पडद्याकडे नीट पाहिले.

“बघ गं,” ती म्हणाली. “सगळे आत होते.”

मग वाचता येत होते, पण लिहिता येत नव्हते. लिहिण्याची सोय वेगळी बसवावी लागते. आईने ती मला सुनेला घर दाखवावे तशी समजावून सांगितली. शब्दाचा आवाज रोमन अक्षरांत टाइप करायचा, खाली सारख्या आवाजाच्या अक्षरांची रांग उभी राहते, तिच्यातले आपले अक्षर उचलायचे. “म्हणजे स्थळं बघण्यासारखंच. दिसायला दहा, आपलं एक.” जपान्यांचेही जवळपास तसेच, फक्त स्पेसची किल्ली दाबत अक्षर बदलत जायचे. एका जपानी इंजिनियरने तिला पूर्वी खुणांनी सांगितले होते की काही अक्षरे चिनी वळणाची उमटतात आणि वाचताना शेजाऱ्याची चप्पल पायात घातल्यासारखे वाटते. तेव्हा कुणाचे वळण आधी घ्यायचे, तेही तिने वेगळे लिहून घातले.

“आणि भाषा बदलायला कुठली किल्ली ठेवू?” तिने विचारले. उत्तर तिचे ठरलेलेच होते. “कॅप्स लॉक. आयुष्यभर नुसती बसून खाल्लंय तिनं. आता लागू दे कामाला.”

कॅप्स लॉक वापरणारा टायपिस्ट आईच्या लेखी टायपिस्टच नव्हे. तिच्या क्लासमध्ये त्या किल्लीला ‘आळशाची उशी’ म्हणत.

सूचनांचा अगदी शेवटचा भाग राहिला होता. मी वाचायला लागले तर तिने बोटे उचलली.

“बस. शेवटचा परिच्छेद उद्या.”

“दोन ओळी आहेत आई.”

“असू देत. दमल्या हातानं शेवटचा परिच्छेद मारायचा नाही. सगळ्या चुका तिथेच होतात. माणसाला उठायची घाई झालेली असते.”

हा तिचा जुना शिरस्ता. ऑफिसातसुद्धा ती साहेबाला हेच सांगायची, आणि साहेब ऐकायचा. तिने वॉर्डनबाईंना हाक मारली. विश्रामगृह सांभाळणाऱ्या या बाई मोठ्या कडक होत्या, पण आईपुढे विद्यार्थिनी व्हायच्या.

“हे मशीन बंद करू नका हं. उद्या येऊन पुरं करते.”

“हात लावायची कुणाची टाप आहे,” वॉर्डनबाई म्हणाल्या.

आम्ही बाहेर पडलो. आईने रस्त्यात दोडके घेतले, दोडकेवाल्याशी दोडक्याच्या वयावरून वाद घातला, आणि तिच्या जिन्याशी मला म्हणाली, “वर येतेस का?” मी म्हणाले, “उद्या येते.” आम्ही दोघीही उद्याबद्दल अशाच बोलायचो, फडताळातल्या वस्तूबद्दल बोलावे तसे.

सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली. तिने दार उघडले नाही.

*

पुढचे सगळे दादाने येऊन केले. नातेवाइकांना फोन त्याने केले, तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींना त्याने कळवले, वॉर्डनबाईंनाही त्यानेच. मी शेजारी बसून त्याला नंबर वाचून दाखवत होते. त्याला एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलावे लागत होते आणि दर वेळी तो ते खिडकीकडे तोंड करून बोलत होता.

मी ते वाक्य बोललेच नाही. बोलायचे नाही असे काही ठरवले नव्हते. माझ्या ग्रंथालयातल्या लोकांना बाहेरून कळले. इस्त्रीवाल्याने आईच्या साड्या परत आणल्या, तर मी नुसत्या घेतल्या. औषधाच्या दुकानात माझी डोकेदुखीची गोळी मागितली, तर दुकानदार म्हणाला, “आणि आईंच्या रक्तदाबाच्या? संपल्या असतील आता.” मी म्हणाले, “हो, द्या.” पाकीट घेऊन आईच्या घरी गेले आणि तिच्या गोळ्यांच्या डब्यात भरून ठेवले. वेडेपणाच. पण त्या क्षणी ते वाक्य बोलण्यापेक्षा गोळ्या घेणे सोपे होते.

मग एका दुपारी वॉर्डनबाईंचा फोन आला.

“अगं, येशील का जरा? तो चिनी आचारी आलाय. त्याचा फोन म्हणे सूपच्या भांड्यात पडला. काहीतरी घरचं निकडीचं आहे, हातवारे करकरून दमला बिचारा. त्याचं जहाज संध्याकाळी सुटतंय. बाकीच्या मशीनवर त्याला त्या चौकटीच दिसतायत आणि तुझ्या आईच्या मशीनला मी कुणाला हात लावू देत नाही.”

“अजून? चालू आहे ते?”

“म्हणजे काय? बाई सांगून गेल्यात बंद करू नका म्हणून. मध्ये वीज गेली तर बॅटरीवर चाललं ते, आणि जनरेटर लागेपर्यंत मी जीव मुठीत धरून उभी होते.”

मी गेले. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर वॉर्डनबाईंनी स्वच्छ धुतलेला टेबलक्लॉथ घातला होता. त्याच्याखाली पंखा घरघरत होता. आचारी भिंतीजवळच्या बाकावर बसला होता. बुटका, जाड मनगटांचा, गुडघ्यांवर हात ठेवून. मला पाहून तो उठला आणि माझ्या मागे दाराकडे पाहू लागला, आणखी कुणी येतेय का म्हणून.

मी कापड काढले, माउस हलवला. पडदा उजळला. आईची खिडकी उघडीच होती. हुकूम मारण्याची काळी चौकट, आणि तिच्या शेजारी पडद्यावरच एक कागद, त्यावर तिने सराव केला होता. चिनी नमस्काराचा शब्द रोमन अक्षरांत, पुन्हा पुन्हा. बहुतेक मी वॉर्डनबाईंशी बोलत होते तेव्हा मारला असेल. अक्षरे बदलून येत नव्हती तरी ती मारत राहिली होती. शेवटी टायपिंगच्या पहिल्या धड्याची ओळ होती, डाव्या हाताची चार अक्षरे, उजव्या हाताची चार. विचार करताना ती हेच मारत बसायची, बाकीच्या बायका स्वेटर विणतात तशी. ओळ अर्धी होती आणि तिच्या टोकाला कर्सर लुकलुकत होता.

मी ते बाजूला सारून आचाऱ्याला त्याचा मेल उघडायला दिला. अक्षरे स्वच्छ उमटली. तो वाचताना ओठ हलवत होता. एकदम हसला, आणि दोन्ही हातांचा पाळणा करून आम्हाला दाखवला.

“नातवंड झालं वाटतं!” वॉर्डनबाई म्हणाल्या. “बाळ? बेबी?”

“बेबी! गर्ल!” त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. “नेम. आय. नेम.” तो तोडकेमोडके इंग्रजी बोलत होता, पण कळले. नाव त्याने द्यायचे होते आणि घरचे थांबले होते. जहाज एकदा सुटले की बरेच दिवस त्याला कळवता येणार नव्हते. त्याने टाइप करून पाहिले. रोमन अक्षरे उमटली. त्याने जोरजोरात मान हलवली आणि तळहातावर बोटाने एक अक्षर काढले, मग तशाच आवाजाचे दुसरे, वेगळे. हे, ते नव्हे. आवाज कळवून भागणार नव्हते. अक्षरच जायला हवे होते.

मी फोनवर आईच्या सूचनांचे पान काढले. मागच्या वेळी जिथे थांबलो होतो तिथपर्यंत बोट नेले. शेवटचा परिच्छेद, दोन ओळी. केलेले बदल लागू होण्यासाठी सर्व खिडक्या बंद करून लॉग आउट करा. पुन्हा लॉग इन करा.

मी ते दोनदा वाचले.

“काय म्हणतंय?” वॉर्डनबाईंनी विचारले.

“बंद करायला सांगतंय.”

“अगं पण बाई तर...”

“आईनं सगळं केलंय. काही राहिलं नाही. फक्त एकदा बंद करून उघडायचं होतं.”

 वॉर्डनबाईंचा चेहरा पडला. इतके दिवस पहारा दिला होता त्यांनी. “म्हणजे मी चालू ठेवलं, त्यानंच अडलं होतं?”

“तुम्ही ठेवलंत म्हणून मला बघायला तरी मिळालं,” मी म्हणाले.

आचारी माझ्या हाताकडे पाहत होता. बाहेर बंदरात कुठलातरी भोंगा वाजला तशी त्याने मान तिकडे वळवली आणि पुन्हा इकडे. मला वाटले, त्याला सांगावे, थांब जरा. नाव उद्या दे. पण त्याला उद्या नव्हता.

मी लॉग आउटवर गेले. यंत्राने विचारले, कागदावरचा मजकूर ठेवायचा की टाकायचा?

माझे बोट किल्लीवर होते. त्यात काही नव्हते. एक शब्द, तोही उमटला नाही असा, आणि पहिल्या धड्याची अर्धी ओळ. क्लासमध्ये एखादी मुलगी सरावाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवू लागली की आई तो तिच्या हातातून काढून घ्यायची. म्हणायची, “हा जपायचा नसतो गं. बोटात राहतं ते.”

मी टाकायचा म्हटले.

पडदा काळा झाला. वॉर्डनबाईंनी पदराने चष्मा पुसायला घेतला. मग नावाची चौकट आली. पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला होता, आईनेच टाइप केलेला. भिंतीकडे बघत मी तो मारला, हाताकडे न बघता. मेल उघडला, कॅप्स लॉक दाबली आणि उठून खुर्ची आचाऱ्याला दिली.

तो एका बोटाने टाइप करत होता. आई असती तर तिला बघवले नसते. पण तीन-चार किल्ल्या दाबताच खाली अक्षरांची रांग उभी राहिली. तो “आ!” म्हणाला. मग रांगेत शोधत राहिला, पुढची रांग काढली, त्यापुढची, आणि एका अक्षरावर थांबला. ते उचलून वर ठेवले. त्याच्या शेजारी दुसरे. दोन अक्षरांचे नाव. त्याने ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवले. वॉर्डनबाईंनी उच्चारून पाहिले, चुकल्या, त्याने सुधारले, त्या पुन्हा चुकल्या.

“जाऊ दे बाबा,” त्या म्हणाल्या, “पोरगी मोठी होईपर्यंत जमेल मला.”

मेल गेला. तो उठला, दोन्ही हातांनी माझा हात धरला, सोडला. आणि मग त्याने खोलीभर पाहिले. त्या खुर्चीकडे, दाराकडे. हवेत दहा बोटे नाचवून दाखवली, ताठ होऊन, मान वर करून. हुबेहूब.

“टीचर?” त्याने विचारले. “टीचर, टुडे?”

वॉर्डनबाई पुढे झाल्या. त्यांना मला वाचवायचे होते. मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्याला आमची भाषा कळत नव्हती, हे मला ठाऊक होते. दुसऱ्या भाषेतले चार शब्द जुळवता आले असते. पण मला हे माझ्याच भाषेत बोलायचे होते.

“आई गेली,” मी त्याला सांगितले. “माझी आई गेली.”