सत्तर टक्के नाडी

मित्रांनो, मी एक जुना आराखडा आहे. वरून निळी फाईल, पोटात नऊ पानं. ज्या मुलांना शिकायला वेगळी वाट लागते, त्यांच्या शाळेत प्रत्येकासाठी माझ्यासारखा एक बनवतात. या मुलाला काय येतं, वर्षभरात काय शिकवायचं, हे त्यात लिहितात. मी चिमणीचा होतो. निदान पहिल्या पानावर तसं लिहिलं होतं.

चिमणी तेव्हा सहा वर्षांची. चाकांच्या खुर्चीत बसायची, बोलायची नाही, हात तिचं ऐकायचे नाहीत. वर्गाच्या बाईंना दोन दिवसांत बावीस आराखडे करायचे होते. त्यांनी दुसऱ्या एका मुलाचा उघडला, नाव बदललं आणि माझा जन्म झाला. म्हणून माझ्यात ठळक अक्षरांत ध्येय आलं: ‘स्वतःच्या बुटाची नाडी बांधेल.’

चिमणीच्या बुटांना नाडी नव्हती. चिकटणारा पट्टा होता.

मला हे माहीत होतं, कारण तिच्या खुर्चीमागच्या पिशवीतच मी असायचो. पण कागदानं तोंड उघडायची पद्धत नाही. आणि खरं सांगायचं तर माझं कौतुक चाललं होतं. तपासणीचे साहेब म्हणाले, "वा, सुबक आहे." मी फुगलो. पहिल्या वर्षी माझ्यात प्रगती लिहिली वीस टक्के, दुसऱ्या वर्षी पंचेचाळीस, तिसऱ्या वर्षी सत्तर. या वेगानं पाचव्या वर्षी तिनं शेजाऱ्यांच्याही नाड्या बांधल्या असत्या.

रोज अर्धा तास बाई तिचे हात धरून लाकडी बुटावर नाडी ओढायच्या. चिमणी छताकडे बघायची. माझ्यात नोंद व्हायची, ‘लक्ष लागत नाही.’ तिला भरवणाऱ्या मावशींना मात्र ठाऊक होतं की खिडकीकडे बघितलं म्हणजे हवं, छताकडे बघितलं म्हणजे नको. पण माझ्यासाठी दर वर्षी भरणाऱ्या बैठकीत मावशी चहा घेऊन यायच्या आणि रिकामे कप घेऊन जायच्या. त्यांना विचारणार कोण?

चौथ्या बैठकीला बाईंना उशीर झाला. दर वर्षी नुसती सही करणारी चिमणीची आई वाट बघून कंटाळली आणि तिनं मला वाचलं. बाई आल्या तेव्हा चिमणी आईशेजारीच होती आणि टेबलावर माझ्याशेजारी तिच्या डाव्या पायातला बूट होता.

"बाई, यातली सत्तर टक्के नाडी कुठली, तेवढं दाखवा."

बाईंनी बूट उलटासुलटा करून बघितला. बैठकीला बसलेल्या शाळेच्या मोठ्या बाई छताकडे बघू लागल्या.

"मोठ्या बाईंनाही नकोय वाटतं," कप ठेवत मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"छत म्हणजे नको," आई म्हणाली. "घरी आम्ही सगळेच जाणतो. मला वाटलं, तुम्हालाही माहीत असेल."

बाई खुर्चीत बसल्या. "तीन वर्षं ती मला नको म्हणत होती?"

"रोज अर्धा तास," मावशी म्हणाल्या.

बाई उठून चिमणीपुढे गुडघ्यांवर बसल्या. "चिमणे, चुकलं माझं. हा आराखडा ठेवू?"

चिमणीनं माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. इतकं स्पष्ट वाक्य माझ्या नऊ पानांत एकही नव्हतं.

आता तिचा नवा आराखडा आहे. त्याची पहिली ओळ मावशींनी सांगितली आणि बाईंनी उतरवून घेतली. मी कपाटाच्या तळाशी असतो. सत्तर टक्केवालं पान मी ओल धरून शेजारच्या पानाला चिकटवून टाकलंय. लाज झाकायला कागदाला एवढंच जमतं.

मित्रांनो, कुणाचं भलं लिहायला बसलात, तर आधी त्याच्या पायांकडे बघा. आणि तो छताकडे बघत असला, तर वर पाल आहे का ते शोधत बसू नका.