मामाच्या वाट्याला गेलेला बाण

मी एक जुना बाण आहे. मला पिसे नाहीत. आमच्या डोंगरात बाणांना पिसे लावायची पद्धतच नाही, म्हणून लांबून सोडले तर आम्ही भरकटतो. आमच्या शिकाऱ्याला पंधरा पावलांच्या आत यावे लागते आणि तिथे मात्र त्याला चुकून चालत नाही. माझे बांबूचे पाते एका कडेला टवकले आहे आणि माझी काडी मूळची माझी नाही. सध्या मी अवोकूमामांच्या चुलीवर, छपराच्या गवतात खोचलेला आहे. खालून धूर येतो, वरून पाली जातात. मित्रांनो, अशा अवस्थेत बोलावेसे वाटले तर तुम्ही मला माफ कराल.

मला अवोकूमामांनीच घडवले. ओढ्याकाठी वाढणाऱ्या रानउसाची एक सरळ काडी त्यांनी निवडली, विस्तवावर फिरवून तिचा बाक काढला, जुन्या बांबूचे वीतभर पाते तासले आणि झाडाच्या सालीच्या धाग्याने आम्हा दोघांचे लग्न लावून दिले. पात्याची धार त्यांनी दाढीच्या केसावर पाहिली. "हा डुकराचा," असे म्हणून त्यांनी मला भाच्याच्या हाती दिले. पाखराचा बाण वेगळा, माणसाचा वेगळा आणि डुकराचा वेगळा. मी डुकराचा निघालो याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

हा भाचा म्हणजे इनाबे. त्याचे वडील लवकर गेले, म्हणून धनुष्य धरायला त्याला मामांनी शिकवले. मी त्याच्या हाती आलो तेव्हा तो तिशीचा बाप्या होता, तरीही मामा समोर आले की केळीच्या खुंटावर नेम धरायला लावत.

"कुठं बघतोयस?" मामा विचारत.

"खुंटाकडं."

"खुंट केवढा आहे रे! त्यात तुझी बायको, पोरगी आणि कुत्रा, सगळी लपतील. आणखी लहान बघ."

"तो डाग."

"डागात काय आहे?"

"मुंगी बसलीय."

"हां. आता मुंगीला नाव दे आणि मग दोरी ओढ."

नाव द्यायचे म्हणजे ओठातल्या ओठात त्या जागेचे नाव घ्यायचे. मुंगी. चीर. ठिपका. एक शब्द, एक जागा. मामा म्हणत, "अख्ख्या डुकराला बाण कधीच लागत नसतो. लागतो तो बोटाएवढ्या जागेला. ती जागा जो शोधत नाही, तो डुकराकडं बघत बसतो आणि डुक्कर घरी जातं." नाव घेतले की डोळा तिथून हलत नाही आणि जिथे डोळा तिथे बाण, हे मी स्वतःच्या अंगावर पाहिले आहे. पहिल्या तीन पावसाळ्यांत मी चार डुकरे पाडली, चारही एकेका फटक्यात. इनाबे दरवेळी मला ओढ्यात धुऊन, चरबीचा हात फिरवून ठेवत असे.

पाचव्या डुकराची गोष्ट सांगण्याआधी वाटणीची सांगायला हवी. आमच्याकडे शिकारी आपल्या शिकारीचा घास तोंडात घालत नाही. घातला तर पुढच्या वेळी हात थरथरतो असे म्हणतात. सगळे डुक्कर वाटायचे असते आणि कोणाला कोणता तुकडा दिला, यावर गाव वर्षभर चघळते. चौथ्या डुकराच्या वेळी इनाबेने दोन्ही मांड्या सासरच्या लोकांना दिल्या, कारण मेहुण्यांनी त्याचे कुंपण घालून दिले होते. मामांच्या पानावर फासळी गेली.

यासोमामी भर अंगणात हसून म्हणाल्या, "वा भाचेबुवा! धनुष्य धरायला शिकवलं मामानं आणि मांड्या गेल्या सासुरवाडीला. मामा काय, म्हातारा झाला. दात नाहीत, फासळी चोखत बसेल!"

अंगण हसले. मामा मात्र काही बोलले नाहीत; त्यांनी फासळी खाल्ली आणि ते हात पुसून उठले. मामींचे बोलणे इनाबेने एक वेळ गिळले असते, पण मामांचे गप्प राहणे त्याच्या जिव्हारी लागले. पुढचे डुक्कर मिळेल त्याची उजवी मांडी मामांची, हे त्याने बायकोला इतक्या वेळा ऐकवले की डोरिन एकदा वैतागून म्हणाली, "ए तोयाच्या बापा, आधी डुक्कर तर आण! इथं मांडीचा पत्ता नाही आणि तू रोज वाटणी करतोयस."

आणि एके दिवशी पहाटे डुक्कर आले. खालच्या मळ्यात रताळ्यांचे वाफे उकरलेले होते आणि ओढ्याच्या काठी, शेवाळलेल्या ओंडक्याशी, एक मोठे नर डुक्कर अंग घासत उभे होते. इनाबे वाऱ्याच्या खालच्या अंगाने बारा पावलांवर पोहोचला. मी दोरीवर चढलो. डुक्कर पुरे आडवे उभे होते. पुढच्या पायामागची ती जागा, जिथून काळीज जवळ असते, अगदी उघडी होती. इतकी सोपी शिकार मला कधी मिळाली नव्हती.

इनाबेचे ओठ हलले. मी कान देऊन ऐकत होतो, कारण आम्हा बाणांना दुसरे काही ऐकायचेच नसते.

तो म्हणाला, "मामाचा वाटा."

मी गेलो. सांगितलेल्या ठिकाणी गेलो. उजव्या मांडीत, वीतभर खोल.

डुक्कर किंचाळले आणि मला घेऊन रानात घुसले. पहिल्याच झुडपात माझी काडी मोडली. मी, म्हणजे पाते आणि चार बोटांचा खुंट, आतच राहिलो.

मित्रांनो, तोवर मला डुक्कर म्हणजे एक जागा वाटत असे. त्या जागेवर पोहोचलो की माझे काम संपे. आता पहिल्यांदाच मला मुक्काम पडला. माझ्या धारेची मामांनी स्तुती केली होती ना? ती धार त्या जनावराच्या प्रत्येक पावलाला आतून कापत होती. ते चिखलात लोळून पाहत होते, मला झाडावर घासून पाहत होते, आणि मी हललो की आणखी कापत होतो. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्याने माझे काय बिघडवले होते? रताळी तर डुकरे खाणारच. मला निघून जायचे होते, पण बाणाला मागे येता येत नाही.

लंगडे झालेले डुक्कर लांब जात नाही. ते मळ्याच्या कडेच्या उंच रानउसात दबा धरून बसले. दुसऱ्या दिवशी या डोंगरावरून त्या डोंगरावर हाका सुरू झाल्या. आमच्याकडे निरोप असेच जातात.

"ओ बायांनो! खालच्या मळ्यात जाऊ नका! इनाबेचं डुक्कर बसलंय तिथं!"

"कुणाचं?"

"इनाबेचं! मांडीत बाण घेऊन हिंडतंय!"

रानाचे डुक्कर होते, ते एका दिवसात इनाबेचे झाले. ज्याने जखमी केले त्यानेच ते संपवायचे, दुसऱ्या कोणी त्यावर बाण टाकायचा नाही, हा आमचा रिवाज. तोवर त्याने कोणाला फाडले, तर तेही इनाबेच्याच माथी. आणि रताळी काही साठवून ठेवता येत नाहीत, रोजची रोज खणावी लागतात. दोन दिवस त्या बाजूच्या सहा घरांत चूल अर्धीच पेटली. इनाबे दोन्ही दिवस रक्ताचा माग काढत फिरला, पण डुक्कर ओढ्यातून गेले होते आणि माग तिथेच तुटत होता; एवढ्या रानउसात ते नेमके कुठे दडले आहे, ते कळत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला ओळखीचे आवाज ऐकू आले.

"तू घरी थांब म्हटलं होतं," इनाबे हळू आवाजात म्हणत होता.

"आणि तोयाला काय घालू? तुझा शब्द शिजवून?" ही डोरिन. तिच्या कपाळावरून पाठीवर जाळीची झोळी होती आणि हातात खणायची काठी. "तू पुढं हो. मी एवढा एक वाफा खणते आणि गप माघारी जाते."

इनाबे रानउसाच्या वरच्या अंगाने शिरला. डुक्कर मात्र खालच्या अंगाने उठले. त्याला बायकोचा वास आला होता, नवऱ्याचा नाही. ते उसातून बाहेर आले आणि वाफ्याच्या टोकाला, डोरिनपासून सात-आठ पावलांवर उभे राहिले. तिने काठी आडवी धरली आणि ती जागच्या जागी थिजली. पळाली असती तर ते मागे लागले असते, हे तिला ठाऊक होते.

इनाबे बांधावर आला तेव्हा डुक्कर त्याला आडवे होते. त्याने दुसरा बाण दोरीवर चढवला. आणि मित्रांनो, तेव्हा मी ते पाहिले जे कोणत्याही बाणाला दिसत नाही. आम्ही नेहमी शिकाऱ्याकडे पाठ करून उभे असतो. त्या दिवशी मात्र मी डुकराच्या मांडीत होतो आणि इनाबेचे डोळे मला समोरून दिसत होते.

ते डोळे कुठेच ठरत नव्हते. आधी ते सुळ्यांवर गेले, मग डोरिनवर, मग माझ्यावर, त्या सुजलेल्या मांडीतल्या काळ्या खुंटावर. तिथे ते थांबले आणि मला वाटले, संपले, आता हा बाणही माझ्याशेजारीच येणार. डोळे पुन्हा सुळ्यांवर, पुन्हा बायकोवर. एक ना धड भाराभर चिंध्या! धनुष्य थरथरत होते. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो की इनाबे, डुक्कर बघू नकोस, भीती बघू नकोस, मला बघू नकोस, आणखी लहान बघ!

डुकराने खुराने माती उकरली. डोरिनने मान न हलवता फक्त एवढेच म्हटले, "बघतोयस कुठं?"

मामांचाच प्रश्न होता तो. तिने तो अंगणात शंभर वेळा ऐकला असेल.

इनाबेचे डोळे डुकराच्या पाठीवरून खाली उतरले. पुढच्या पायामागे चिखलाचा एक सुकलेला पोपडा होता आणि त्यात गवताची एक पिवळी काडी अडकली होती, नखाएवढी. डोळे त्या काडीवर आले आणि तिथेच राहिले. धनुष्य स्थिर झाले. बायको तिथेच होती, सुळे तिथेच होते, पण त्या डोळ्यांत आता काडीखेरीज काही नव्हते. त्याचे ओठ हलले.

"काडी."

डुक्कर चार पावले गेले आणि रताळ्याच्या वेलांत आडवे झाले. त्याचा श्वास थांबलेला मला आतून कळला. खरे सांगतो, मला हायसे वाटले, त्याच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

डोरिन मटकन खाली बसली. मग तिला वाचा फुटली. "मी इथं मरतेय आणि तू तिथं पुटपुटत काय होतास रे? मंत्र म्हणत होतास का?" असे म्हणता म्हणता ती रडायला लागली. इनाबे तिच्याजवळ बसला. पुष्कळ वेळ दोघेही उठले नाहीत.

वाटणीच्या वेळी अंगण भरले होते. इनाबेने उजवी मांडी मामांसमोर ठेवली. मी अजून तिच्यातच होतो. जखमेभोवतीचे मांस काळे पडले होते आणि वास येत होता. यासोमामींनी नाकाला हात लावला, पण या वेळी त्या काही बोलल्या नाहीत.

मामांनी सुरीने काळा भाग कापला, मला बाहेर ओढले आणि उजेडात फिरवून पाहिले. "हा माझ्या हातचा. याचं पातं मीच तासलं होतं. हा मांडीत कसा गेला?"

इनाबे खाली मान घालून उभा राहिला.

"नाव काय घेतलं होतंस?"

"मामा…"

"नाव काय घेतलंस रे?"

"मामाचा वाटा," इनाबे म्हणाला.

मामा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. "मग बाणाचं काय चुकलं? सांगितलं तिथं गेला की बिचारा!" अंगणही हसले. हसू ओसरल्यावर त्यांनी चांगले राहिलेले मांस पानात बांधून तापल्या दगडांच्या खड्ड्यात ठेवायला दिले. वाटा परत करायचा नसतो. मग ते हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मला मांडी नको होती, पोरा. फासळी गोड लागली होती मला. चारही डुकरं एकेका बाणात पाडली होतीस, म्हणून मी मुकाट्यानं खाल्ली. तोच माझा वाटा होता."

इनाबेने तोंड फिरवले. एवढा मोठा बाप्या, पण त्याचे खांदे हलत होते.

मामांनी मला नवी काडी बसवली, पण पुन्हा शिकारीला दिले नाही. छपराच्या गवतात खोचले. मामा जाऊनही आता बरीच वर्षे झाली. या घरात इनाबेची तोया राहते. ती बापापेक्षा चांगला नेम धरते आणि रानात जाण्याआधी एकदा माझ्याकडे वर बघते. माझ्यावर कोळिष्टके चढली आहेत, पात्याचा हळूहळू भुगा होत आहे, कोणी चरबीचा हात फिरवत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मागणे एवढेच आहे. मित्रांनो, तुम्ही कधी धनुष्य उचलाल, कधी लेखणी, कधी आणखी काही. ते सोडण्याआधी समोरच्यातली बोटाएवढी जागा शोधा आणि तिचे नाव घ्या. लोक काय म्हणतील त्याचे नाव घेऊ नका, कोणाला काय दाखवायचे आहे त्याचे घेऊ नका. कारण आम्ही बाण फार आज्ञाधारक असतो. तुमच्या मनात काय होते ते आम्हाला कळत नाही. तुम्ही ज्याचे नाव घ्याल, तिथेच आम्ही जातो, आणि तिथून आम्हाला परत येता येत नाही.