नख रुतलं पाहिजे

“नख रोवून बघ, ताई. रुतलं तर रबर जिवंत. नाही रुतलं, तर टायर कितीही देखणा असो, घ्यायचा नाही.”

टायरच्या दुकानात उभ्या उभ्या तिला धाकट्या भावाचं हे बोलणं आठवत होतं. अपघाताआधी तो असं बरंच काही सांगायचा. ती लाँड्रीत दिवसभर इस्त्री फिरवून दमून आलेली असायची. अर्धं ऐकायची, उरलेल्याला नुसतं हं म्हणायची.

गल्लीत त्याला ‘वारा’ म्हणत. पुढे ओणवं होऊन चालवायची त्याची ती शर्यतीच्या घडणीची मोटरसायकल एका वळणावर सांडलेल्या वाळूवर घसरली, आणि वाऱ्याला वर्षभर वरच्या खोलीत पडून राहावं लागलं. एकदा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तेव्हा ती उशाशी बसून म्हणाली होती की तू स्वतःच्या पायांनी जिना उतरशील त्या दिवशी तुझी गाडी दारात उभी असेल. धीर द्यायला माणूस बोलून जातो, तसंच ते. पण त्यानं ते धरून ठेवलं. आज संध्याकाळी तो काठी टेकत जिना उतरणार होता.

आणि सकाळीच शिवणयंत्रावरून मान वर न करता आईनं बजावलं होतं, “आज ती अवदसा घरातून गेली पाहिजे. त्याच्या नजरेला पडायच्या आत.”

तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि गाडी ढकलत रस्त्याच्या टोकाच्या दुकानात आणली. दुकानदाराला सगळे काकाच म्हणत. गाडीला गिऱ्हाईकही तेच बघून देणार होते.

काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. एका जागी उभी राहून दोन्ही टायर खाली चपटे झाले होते. ते म्हणाले, “आधी मला एक सांगा, विकायची की चालवायची? विकायची असेल तर हलकी जोडी चढवतो, दिसायला काळीभोर. चालवायची असेल तर बसा, मग बोलू.”

“बघू तरी,” असं म्हणत ती स्टुलावर टेकली.

काकांनी पहिला टायर पुढ्यात ठेवला. तिनं नख रोवलं. लोण्यात जावं तसं ते आत गेलं. तिचा चेहरा खुलला. हाच द्या, म्हणाली. काका हसले. हा शर्यतीच्या मैदानावरचा, म्हणाले. तापला की रस्त्याला असा धरतो की सुटायचं नाव नाही. पण थंड असला की घसरतो, आणि भाजी आणायला जाताना तो तापायचा कधी?

“म्हणजे आमची आईच,” ती म्हणाली. “तापल्याशिवाय पकड नाही.”

मग त्यांनी दुसरा दाखवला. मधे जरा कठीण, कडेला मऊ. सकाळच्या गारठ्यातही धरणारा, ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारणारा. नख यातही रुतत होतं, पण बेतानं. तिचा हात त्यावरून फिरत राहिला. मनात मात्र सकाळचे आईचे शब्द घोळत होते. न चालवायच्या गाडीला एवढा चांगला टायर कशाला? विकून टाकावी आणि वाऱ्याला काहीतरी सांगावं. काय सांगावं, ते काही सुचेना.

काकांनी तोवर पुढचं चाक सोडवलं होतं. जुन्या टायरवरही तिनं सवयीनं नख रोवलं. ते सटकलं. बोट तेलकट झालं.

“याला तेल कुणी चोळलंय?” काकांनी कपाळाला हात लावला. “आणि तेही अगदी हल्ली.”

तिनं बोट नाकाशी नेलं. हा वास तिच्या लहानपणापासूनचा होता. शिवणयंत्राचं तेल.

तिनं घरी फोन लावला. पलीकडे यंत्राची खडखड चालू होती.

“आई, गाडीच्या टायरांना तेल तू लावलंस?”

खडखड थांबली.

“तो म्हणायचा ना, नुसतं उभं राहून रबर तडकतं म्हणून,” आई हळू आवाजात म्हणाली. “मग अधूनमधून लावत होते. का गं, चुकलं?”

“तेलानं टायर घसरतो, आई.”

“अगं बाई.” मग घसा खाकरून ती म्हणाली, “मग आता नीट बघून घे. पावसात धरणारे. आणि त्याला तेलाचं सांगू नकोस, वर्षभर हसेल मला.”

ती काकांकडे वळली. “चालवायची आहे,” म्हणाली.

दुसऱ्या टायरची जोडी चढली. हवा भरता भरता काकांनी बजावलं की कोऱ्या रबराला वरून एक निसरडी चकाकी असते, ती झिजून जाईपर्यंत वळणावर झुकायचं नाही, जोर करायचा नाही, हे त्याला आठवणीनं सांगा. सांगीन, ती म्हणाली. तोही सध्या असाच चालतोय.

ऊन उतरायला लागलं होतं. तिनं दोन्ही हातांनी हँडल धरलं, गाडीचा भार कमरेवर घेतला आणि घराकडे निघाली. वळण आलं तशी तिनं पावलं आणखी हळू केली आणि गाडी जराही झुकू न देता वळवली.